बंद दाराबाहेरची खुर्ची : ठाण्यातील एका किशोर समुपदेशन केंद्राचा अनुभव

पाचपाखाडीतील एका लहानशा समुपदेशन केंद्रात माझ्या सोळा वर्षांच्या मुलाच्या पाच महिन्यांत चौदा भेटी झाल्या. त्या सेवेविषयी मी हे लिहीत आहे. केंद्राचे नाव मी देत नाही. मुलाचे वर्गमित्र, त्यांचे पालक आणि आमच्या सोसायटीतील निम्मी माणसे याच परिसरात वावरतात, आणि हे लिहू का असे मी मुलाला विचारले तेव्हा त्याने नावाखेरीज बाकी सगळे लिहायला होकार दिला. मसुदा त्याने वाचला असून त्याच्या सांगण्यावरून मी त्यातली दोन वाक्ये काढून टाकली आहेत. नाव नसले तरी हे लिखाण पालकांच्या उपयोगी पडावे अशी माझी इच्छा आहे, कारण अशी सेवा निवडताना काय पाहायचे हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मी फी किती, स्टेशनपासून अंतर किती, किती भेटींत मुलगा 'बरा होईल', एवढेच विचारत फिरत होते.

दहावीला चांगले गुण मिळाल्यावर त्याने अकरावी विज्ञानाला प्रवेश घेतला आणि जूनपासून अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेचा क्लास सुरू झाला. ऑगस्टमध्ये पोटदुखी सुरू झाली. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी तो पोट धरून बसायचा, कधी उलटी व्हायची आणि दुपारपर्यंत आपोआप थांबायचे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्ततपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करून घेतली; अहवालांत काही सापडले नाही. त्यांनीच मला विचारले की, सोमवारी आणि गुरुवारी काय असते? क्लासच्या चाचण्या त्याच दोन दिवशी होत असत. दोन महिने मी त्याच्यासाठी मऊ भात करत होते, ओवा-सैंधव देत होते, आणि हे वार माझ्या ध्यानातच आले नव्हते.

पोटदुखीबरोबर दुसराही बदल होत होता, त्याला मात्र मी 'वयाचा परिणाम' म्हणून सोडून दिले होते. तो सतत चिडलेला असे, साध्या प्रश्नाला तोडून उत्तर देई, रात्री तीनपर्यंत जागा राही आणि तबल्याला हात लावत नसे. उदास माणूस गप्प बसतो, रडतो, अशी माझी समजूत होती. किशोरवयात नैराश्य पुष्कळदा चिडचिडीच्या रूपाने दिसते, आणि निदानाच्या प्रचलित निकषांतही या वयासाठी उदासीच्या जोडीला चिडचिडेपणा नोंदवलेला आहे, हे मला केंद्रात पहिल्यांदा समजले. ही वेळ किती घरांवर येते याचा अंदाज बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणावरून येतो. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता; तरी १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण त्यात ७.३ टक्के आढळले आणि महानगरांत ते १३.५ टक्के होते. साठ मुलांच्या वर्गात ही आठ मुले होतात. आमच्या मुलाच्या तुकडीतील पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मात्र गुणांखेरीज दुसरा विषय कधी निघाल्याचे मला आठवत नाही.

केंद्र एका जुन्या तीन मजली इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे. खाली झेरॉक्सचे दुकान आहे आणि जिन्याशी मानसोपचाराचा मोठा फलक नाही, फक्त घंटेशेजारी लहानशी पाटी आहे. मुलाला या गोष्टीचा किती दिलासा वाटला हे त्याने पुष्कळ नंतर सांगितले. झेरॉक्स काढायला आलो आहोत असे भासवून वर जाता येते, असे तो म्हणाला. आत दोन खोल्या आणि चार खुर्च्यांची बसण्याची जागा आहे. भिंतीवर समुपदेशिकेचे पदवीचे आणि भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदणीचे प्रमाणपत्र लावलेले होते. त्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहेत. मानसशास्त्राचे शिक्षण घेऊन बोलण्यातून उपचार करणारी व्यक्ती वेगळी आणि वैद्यकीय पदवी घेऊन औषधे लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ वेगळे, हा फरक त्यांनी पहिल्याच भेटीत आपणहून स्पष्ट केला आणि गरज भासली तर कोणाकडे पाठवणार हेही सांगितले. नोंदणीविषयी विचारायला पालकांना संकोच वाटतो. मलाही वाटला असता. प्रमाणपत्र समोरच असल्याने विचारावे लागले नाही.

पहिल्या भेटीत आम्हा दोघांना पंचवीस प्रश्नांची एकेक प्रश्नावली दिली गेली. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेली ही प्रश्नावली अनेक देशांत वापरली जाते आणि तिच्यात मुलासाठी, पालकांसाठी व शिक्षकांसाठी वेगवेगळे नमुने असतात. प्रत्येक विधानापुढे खरे नाही, थोडेसे खरे, नक्की खरे यांपैकी एकावर खूण करायची. मी बाहेर बसून, तो आत बसून, अशा आम्ही त्या भरल्या. डोकेदुखी-पोटदुखीच्या विधानापुढे दोघांचीही खूण एकाच ठिकाणी होती. त्यानंतर समुपदेशिकेने मला आत बोलावले आणि माझ्यादेखत मुलाला विचारले, "यातली एक ओळ आईला दाखवली तर चालेल का? नको असेल तर नाही दाखवणार." तो बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिला आणि मग त्याने होकारार्थी मान हलवली. ती ओळ निदान एक तरी चांगला मित्र असण्याविषयीची होती. मी तिथे 'नक्की खरे'वर खूण केली होती, कारण शाळेतल्या तिघा मित्रांची नावे माझ्या तोंडपाठ होती. त्याने 'खरे नाही'वर केली होती. ते तिघे वेगवेगळ्या कॉलेजांत गेले होते आणि जूनपासून त्यांच्यातला एकही आमच्या घरी आलेला नव्हता, हे त्या खोलीत मी पहिल्यांदा मोजले.

ती खूण पाहून मला धक्का बसला तो बसलाच, पण माझ्या मनात या केंद्राविषयी विश्वास बसला तो त्याला आधी विचारले गेले म्हणून. फी मी भरत होते, अर्जावर सही माझी होती आणि कायद्याने तो अल्पवयीन होता; मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार अठरा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पालकांची भूमिका महत्त्वाची असते आणि उपचाराला त्यांची संमती लागते. एवढे सगळे माझ्या बाजूला असताना आपल्याविषयीची एक ओळ दाखवायची की नाही हे त्याच्यावर सोपवले गेले. पाच महिन्यांत तो ज्या एका कारणाने पुन्हा पुन्हा तिथे गेला, ते कारण मला वाटते हेच असावे.

त्याच दिवशी गोपनीयतेचे नियम आम्हा दोघांना एकत्र बसवून सांगण्यात आले. तो आत जे बोलेल ते आतच राहील, याला तीन अपवाद होते: त्याच्या जिवाला धोका असेल तर, त्याच्याकडून दुसऱ्या कोणाला धोका असेल तर, आणि त्याच्यावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर, कारण २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार असा प्रकार कळवणे बंधनकारक आहे. दर चौथ्या भेटीत शेवटची पंधरा मिनिटे मी आत येणार, आणि त्या वेळी काय बोलायचे हे आधी त्याच्याशी ठरणार. हे सर्व एका छापील पानावर होते आणि त्यावर माझ्याबरोबर त्याचीही सही घेतली गेली. ती करताना त्याने नाव पूर्ण लिहिले, वडिलांच्या नावासकट, बँकेच्या अर्जावर लिहावे तसे.

मला हे नियम पाळणे जड गेले, हे सांगितले पाहिजे. पन्नास मिनिटे त्या बंद दाराबाहेरच्या खुर्चीवर बसायचे, आतून कधी काही ऐकू न येता नुसता पंख्याचा आवाज यायचा, आणि तो बाहेर आल्यावर गोखले रोडवरून घरी चालताना काही विचारायचे नाही. दुसऱ्या भेटीनंतर मी ऑफिसमधून समुपदेशिकेला फोन केला आणि निदान मुख्य अडचण काय आहे तेवढे तरी सांगा, अशी विनंती केली. त्यांनी माझे पूर्ण ऐकून घेतले, घरी काय दिसते ते विचारून लिहून घेतले आणि म्हणाल्या, "तुम्ही फोन केला होता हे मी त्याला सांगणार आहे. काय विचारलंत तेही सांगेन." मला त्या क्षणी राग आला. आपल्याच मुलाविषयी विचारायला चोरी कशाची, असे वाटले. पुढच्या भेटीनंतर जिना उतरताना मुलगाच म्हणाला, "आई, तू मॅडमना फोन केलास ना? मला विचारलंस तरी चालेल. सगळं नाही सांगणार, पण विचार." ऑगस्टनंतरचे हे त्याचे माझ्याशी आपणहून झालेले सर्वांत लांब बोलणे होते.

आत काय काय झाले ते मला पूर्ण माहीत नाही आणि जेवढे माहीत आहे ते त्याच्या परवानगीने लिहिते. सुरुवात झोपेपासून झाली. या वयात झोपेचे नैसर्गिक वेळापत्रकच उशिराकडे सरकते आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची राहते, त्यामुळे पहाटे साडेपाचला उठवून सहाच्या बॅचला पाठवणे त्याच्या शरीराला किती महाग पडत होते, हे त्याच्या एका आठवड्याच्या नोंदवहीवरून उघड झाले. सरासरी पाच तास झोप होत होती. आम्ही सकाळची बॅच सोडून दुपारची घेतली. दुसरी गोष्ट म्हणजे रोज वीस मिनिटे, इच्छा असो वा नसो, घराबाहेर पडणे. मन प्रसन्न झाल्यावर माणूस कामाला लागतो हे जितके खरे, तितकेच आधी थोडे काही केल्याने मन हलते हेही खरे, या तत्त्वावर नैराश्याच्या उपचारातली एक मान्यताप्राप्त पद्धत उभी आहे. तो मासुंदा तलावाला फेरी मारून येई. पहिले दोन आठवडे परतल्यावर चेहरा तसाच असे. तिसऱ्या आठवड्यात त्याने येताना भाजलेले कणीस आणले, दोघांत एक.

विचारांवरचे काम विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने झाले. अल्बर्ट एलिस यांनी अमेरिकेत १९५० च्या दशकात मांडलेली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी रुजवलेली ही पद्धत आपल्या मराठी घरांना बरीच ओळखीची आहे. 'मला चांगले गुण मिळावेत' ही इच्छा आणि 'मला चांगले गुण मिळालेच पाहिजेत, नाहीतर मी कवडीमोल' ही मागणी, यांतला फरक त्याने वहीत स्वतःच्या वाक्यांवरून शोधायचा होता. ही वही त्याने मला एकदाच दाखवली. प्रत्येक 'च' खाली त्याने लाल रेघ मारली होती. इंग्रजी माध्यमात शिकलेला मुलगा मनातले मराठीत लिहितो हे मला ठाऊक नव्हते, आणि समुपदेशिकेने सगळे संभाषण सहजपणे मराठीत ठेवले याचा मोठा फायदा झाला असे मला वाटते. 'काही नाही' हे त्याचे ठरलेले उत्तर होते. त्या एका उत्तरात कंटाळा, भीती, लाज आणि थकवा असे चार वेगळे अर्थ असतात, हे त्यांनी त्याच्याकडूनच काढून घेतले.

पाचव्या भेटीनंतर मला ठरल्या वेळेआधीच आत बोलावण्यात आले. समुपदेशिकेने त्याला थेट विचारले होते की, मरणाचे विचार येतात का, आणि त्याने 'आपण नसतो तर बरे झाले असते' असे कधी कधी वाटते, असे उत्तर दिले होते. असे विचारल्याने मुलाच्या डोक्यात नसलेली गोष्ट घातली जाते अशी भीती पालकांना वाटते, पण जागतिक आरोग्य संघटना हा गैरसमज असल्याचे स्पष्ट सांगते. मोकळेपणाने विचारल्याने मन हलके होण्याचीच शक्यता अधिक असते. पहिल्या दिवशी सांगितलेल्या तीन अपवादांपैकी पहिला इथे लागू झाला. पण ते मला समुपदेशिकेने सांगितले नाही. त्या शेजारी बसल्या आणि त्यानेच सांगितले, अडखळत, माझ्याकडे न पाहता. त्यानंतर आम्ही तिघांनी मिळून एक कागद तयार केला: विचार वाढू लागल्याची त्याची स्वतःची लक्षणे कोणती, त्या वेळी तो पहिल्यांदा काय करील, घरात कोणाला उठवील, आणि घरचे कोणी हाताशी नसेल तर कोणता नंबर लावील. त्यात केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक लिहिला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ही सेवा चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. घरातली सगळी औषधे कुलपात ठेवायला सांगितले, ते मी त्याच संध्याकाळी केले. त्याच आठवड्यात त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्या डॉक्टरांनी पाऊण तास तपासून तूर्त औषधाची गरज नाही, समुपदेशन चालू ठेवा आणि महिन्याने पुन्हा दाखवा, असे सांगितले. औषध लागले असते तर ते द्यायची माझी तयारी त्या संभाषणाने झाली होती, आणि तशी ती व्हावी याची काळजी समुपदेशिकेने आधीच घेतली होती.

आता उणिवा. पहिली उणीव गंभीर होती. स्वागतकक्षातील कर्मचारी मुलाचे नाव-आडनाव मोठ्याने पुकारत असत, तेही चार खुर्च्यांवर अनोळखी माणसे बसलेली असताना. आत गोपनीयतेचा एवढा काटेकोर विचार आणि बाहेर ही तऱ्हा, हे मला खटकले. दोनदा सांगितल्यावर त्यांनी वेळेच्या आकड्याने बोलवायला सुरुवात केली. ही गोष्ट आधीपासून ठरलेली असायला हवी होती. दुसरे म्हणजे संध्याकाळी सहानंतरच्या वेळा फारच थोड्या आहेत. पहिली वेळ मिळायला आम्हाला तीन आठवडे थांबावे लागले, आणि शाळा-कॉलेजच्या मुलांसाठीच्या केंद्राने दुपारी दोनच्या वेळा देऊ करणे म्हणजे तास बुडवायला सांगणेच होय. कॉलेजच्या हजेरीसाठी पत्र मागितले तर त्यावर केंद्राचे नाव ठळक छापलेले होते. निदान त्यावर तरी साधा मजकूर असावा, ही विनंती मी लेखी केली असून तिचे उत्तर अजून आलेले नाही.

फी पहिल्या भेटीची १,८०० रुपये आणि पुढच्या प्रत्येक पन्नास मिनिटांची १,२०० रुपये आहे. आमचे चौदा भेटींचे १७,४०० रुपये झाले, मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी वेगळी. दोन पगार असलेल्या आमच्या घराला हे झेपले, तरी काही महिने इतर खर्च मागे ढकलावे लागले. उत्पन्नानुसार सवलतीची सोय केंद्रात नाही, आणि ती असायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना हे परवडणार नाही त्यांना ठाण्यात दुसरे मार्ग आहेत. १९०१ पासून असलेल्या येथील प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग चालतो. त्या नावाला चिकटलेल्या भीतीपायी अनेक जण तिकडे फिरकत नाहीत, हे वाईट आहे. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिकची योजना आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात स्थापन केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ तर ठाणेकरांना ठाऊकच आहे. आम्ही गेलो ते केंद्र तिच्याशी संबंधित नाही, ते दोन खोल्यांचे स्वतंत्र केंद्र आहे.

मुलगा आता कसा आहे, असे नातेवाईक विचारतात. पोटदुखी गेली आहे; चाचणीच्या आदल्या रात्री झोप अजून उशिरा लागते. क्लास त्याने सोडलेला नाही, पण दोन विषयांपुरता ठेवला आहे, आणि हा निर्णय त्याने शेवटच्या संयुक्त भेटीत आम्हाला कागदावर मांडून पटवला. तबला माळ्यावरून खाली आला आहे. रोज वाजतो असे नाही. जुन्या मित्रांपैकी एकाला त्याने स्वतः फोन केला आणि तो मुलगा दिवाळीनंतर दोनदा घरी येऊन गेला. दुसऱ्या खेपेला दोघांनी दार लावून घेतले आणि आत बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता.

भेटी आता तीन महिन्यांतून एकदा होणार आहेत. पुढची वेळ त्याने स्वतः फोन करून घेतली आणि केंद्राला त्याचा क्रमांक दिला, त्यामुळे आठवणीचा संदेश यापुढे माझ्या मोबाइलवर येणार नाही. त्या दिवशी तो परस्पर कॉलेजमधून टीएमटीच्या, म्हणजे ठाणे महापालिकेच्या, बसने पाचपाखाडीला जाणार आहे.